गोजिराची पेटी घेतली, पण किंग काँग इंग्रजीत का बोलतोय?

ओली_वाळू (प्रश्नकर्ती)

नमस्कार मंडळी,

आधी एक घरगुती गोंधळ सांगते. आपल्याकडे गोजिरा म्हणजे लोभस, कडेवरच्या बाळाला म्हणावं असा. मी आईला उत्साहाने सांगितलं, "मी गोजिराचे सिनेमे जमवतेय." तिला बरेच दिवस वाटत होतं की हे बाळांचं काहीतरी गोडगोड असणार. मग एकदा ती खोलीत आली ती नेमकी तोक्यो पेटल्यावर. दारातच उभी राहून म्हणाली, "हा गोजिरा?" (इंग्रजीत ज्याला गॉडझिला म्हणतात त्या राक्षसाचं हे जपानी नाव गोरिरा म्हणजे गोरिला आणि कुजिरा म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या जोडीतून आलंय, हे तिला सांगितलं. फरक पडला नाही.)

माझी सुरुवात मामाच्या एका व्हीएचएस टेपपासून झाली. कृष्णधवल सिनेमा, त्यात एक धिप्पाड अमेरिकन पत्रकार सगळी गोष्ट सांगतो आणि गोजिरा मागे कुठेतरी गाव तुडवतो. पुढे २००६ साली क्लासिक मीडियाने काढलेल्या काही डीव्हीडी मिळाल्या. आणि आता धाडस करून क्रायटेरियन या अमेरिकन डिस्ककंपनीची २०१९ची शोवा काळाची, म्हणजे गोजिराच्या पहिल्या पर्वाची, पेटी घेतली, सेकंडहँड. १९५४ ते १९७५चे १५ सिनेमे, ८ ब्लू-रे. पेटी कसली, मोठ्या आकाराचं चित्रांचं पुस्तकच आहे ते. माझ्या एकाही कपाटात उभं राहत नाही.

तर प्रश्न असे. पहिला, १९६२चा 'किंग काँग विरुद्ध गोजिरा' लावला तर सगळे इंग्रजीत बोलतायत आणि मधेमधे अमेरिकन बातमीदार येतोय. बाकी सगळे सिनेमे जपानी, हाच एक असा का? विकणाऱ्याने डिस्क बदलली की काय अशी शंका आली.

दुसरा, आता ही पेटी आली म्हटल्यावर मामाची टेप आणि जुन्या डीव्हीडी काढून टाकू का? जागा खरंच नाही.

तिसरा, एका जपानी साईटवर याच किंग काँगवाल्या सिनेमाची लेझरडिस्क (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) दिसतेय, ३,००० येनला. माझ्याकडे लेझरडिस्कचा प्लेअर नाही. तरी बोट सारखं त्या बटणाकडे जातंय. मला आवरा किंवा ढकला.

---

रीळ_क्रमांक_दोन

ओलीताई, डिस्क कोणी बदललेली नाही. आठवी डिस्क काढा. पुरवणी म्हणून जे काही दिलंय त्यात या सिनेमाची जपानी आवृत्ती पूर्ण आहे. मुख्य जागेवर युनिव्हर्सलने १९६३ साली अमेरिकेत लावलेली आवृत्ती आहे, कारण तिथले हक्क युनिव्हर्सलकडे. मूळ सिनेमा पुरवणीत आणि कापलेला सिनेमा पाटावर, असा हा उलटा मान आहे. पण तक्रार करण्याआधी हेही ध्यानात घ्या की तोपर्यंत जपानी आवृत्ती अमेरिकेत अधिकृतपणे मिळतच नव्हती. कितीतरी जणांनी निव्वळ त्या आठव्या डिस्कसाठी पेटी घेतली. त्यात मीही आलो.

दोन्ही लागोपाठ बघा, एकाच रात्री नको. जपानी सिनेमा मुळात चेष्टेचा आहे. ताको नावाचे एक औषधकंपनीवाले साहेब, त्यांच्या पैशावर चालणारा टीव्ही कार्यक्रम कोणी बघत नाही म्हणून हवालदिल. मग त्यांना जाहिरातीसाठी एक अक्राळविक्राळ प्राणी हवा होतो. इचिरो आरिशिमाने हा ताको असा काही केलाय की गोजिरा येईपर्यंत मी गोजिराला विसरलो होतो. दिग्दर्शक इशिरो होंडा यांना टीव्हीवाल्यांची टोपी उडवायची होती. अमेरिकेत हे सगळं छाटलं, त्या जागी संयुक्त राष्ट्रांचा एक बातमीदार खुर्चीत बसवला आणि आकिरा इफुकुबे यांचं संगीत बहुतेक काढून युनिव्हर्सलच्या जुन्या सिनेमांच्या संगीताचे तुकडे डकवले. राक्षस तेच, मारामारी तीच, सिनेमा दुसराच.

आणि हो, जपानी आवृत्तीत गोजिरा जिंकतो आणि अमेरिकन आवृत्तीत काँग, ही जी आख्यायिका वर्षानुवर्षं फिरतेय ती खोटी आहे. दोन्हीकडे दोघं समुद्रात पडतात आणि काँग पोहत निघून जातो. फरक आहे तो कानाला. शेवटी जपानी आवृत्तीत दोघांच्या डरकाळ्या येतात, अमेरिकनमध्ये फक्त काँगची. कान देऊन ऐका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मामाच्या टेपवर आहे तो १९५६चा अमेरिकन सिनेमा, त्यातला पत्रकार म्हणजे रेमंड बर हा नट. १९५४च्या मूळ सिनेमाची बरीच काटछाट करून, बरचे प्रसंग नव्याने चित्रित करून मधे घातले, तरी एकूण तो साधारण १६ मिनिटांनी छोटाच भरला. मूळ जपानी नटांशी बोलताना दाखवायचं तर समोर पाठमोरी बदली माणसं उभी केली. नीट बघा, बर जिच्याशी बोलतो तिचा चेहरा आणि खांदे एका चौकटीत येतच नाहीत. मूळ सिनेमात आगगाडीतला एक छोटा प्रसंग आहे. एक बाई वैतागून म्हणते, आधी किरणोत्सर्गी मासे, मग तो पाऊस, आता हा गोजिरा. नागासाकीतून जीव वाचवून आले ते याच्यासाठी का? ३ नोव्हेंबर १९५४ला हा सिनेमा लागला. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनीच्या अणुचाचणीची राख दाइगो फुकुर्यू मारू या मासेमारी बोटीवर पडली होती. तिथल्या प्रेक्षकाला ते वाक्य कुठे लागलं असेल बघा. अमेरिकन आवृत्तीत ती बाई नाही.

पेटीत या सिनेमाच्या दोन्ही आवृत्त्या आहेत, म्हणजे चित्रासाठी टेप ठेवायची गरज नाही. (पहिला सिनेमा मुळातच जवळपास चौकोनी चौकटीतला, त्यामुळे टेपवर कडा फारशा कापल्या गेल्या नाहीत. १९५७पासून गोजिराच्या तोहो कंपनीचं तोहोस्कोप आलं, रुंद पडदा. तेव्हापासूनच्या सिनेमांच्या टेपा म्हणजे नुसता अन्याय. २.३५ रुंदीचं चित्र १.३३मध्ये कोंबलं की शंभरातला ४३ भाग बाहेर जातो. दोन राक्षस समोरासमोर उभे असले की एक दिसतो आणि दुसऱ्याचं नाक.)

पण डीव्हीडी काढू नका. एकही नाही. २००६च्या पहिल्या सिनेमाच्या संचावर स्टीव्ह रायफल आणि एड गोझिशेव्स्की यांची कॉमेंटरी (सिनेमा चालू असताना ऐकायची माहिती) आहे. क्रायटेरियनवर आहे ती डेव्हिड कॅलटची, वेगळी. आणि तुमच्याकडे क्लासिक मीडियाची 'मॉथ्रा विरुद्ध गोजिरा' असेल तर ती कुलुपात ठेवा. १९६४च्या त्या सिनेमाची अमेरिकन आवृत्ती तिच्यावर आहे, पेटीत नाही. त्यात किनाऱ्यावर गोजिरावर अमेरिकन जहाजांवरून क्षेपणास्त्रं सोडतात. हा प्रसंग तोहोनेच चित्रित केला, स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या त्सुबुरायांच्याच कारखान्यातला, पण जपानी आवृत्तीत तो नाहीच. म्हणजे अमेरिकनांनी नेहमी कापलंच असं नाही, इथे त्यांच्याकडे जास्त आहे.

माझ्या बायकोने या सगळ्याला एक नाव ठेवलंय, "यांचे सरडे". "यांचे सरडे एकसारखे दिसतात आणि तरी चार-चार लागतात." तिचं चूक नाही. पण आपण सिनेमे जमवतो असं आपल्याला वाटतं, जमवत असतो त्या आवृत्त्या. हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं आणि खिशाला फार अवघड.

लेझरडिस्कचं नंतर सांगतो. त्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

---

कासवाचा_भाचा

गोजिरावाले नेहमी पहिली पंगत अडवतात. म्हणून मी मधेच घुसतो.

ताई, पुढे काय घ्यायचं असं विचारत असाल तर गामेरा. दाइए कंपनीचं उडतं कासव, पाय आत घेतं आणि चारही भोकांतून आग सोडत भिंगरीसारखं फिरतं. ॲरो व्हिडिओने २०२० साली सगळं एका पेटीत आणलं. १९६५ ते २००६, १२ सिनेमे, ८ डिस्क, सोबत कॉमिक्सचं जाडजूड पुस्तक. ती मर्यादित आवृत्ती होती, त्यामुळे आता विकणाऱ्याच्या मनात येईल तो भाव.

खरं सांगायचं तर जुने सगळे चांगले नाहीत. नोरिआकी युआसा यांचा पहिला कृष्णधवल सिनेमा छान. १९६६चा बारुगॉनवाला मोठ्यांसाठीचा, गंभीर, आणि दिसायला सगळ्यांत श्रीमंत. मग पैसा आटला. १९६८च्या व्हिरासमध्ये तर आधीच्या सिनेमांतले तुकडे इतके घातलेत की आपल्यालाच वाटतं डिस्क मागे गेली. १९७१ला दाइएचं दिवाळं निघालं. १९८०चा सिनेमा म्हणजे सगळ्या जुन्या मारामाऱ्यांची गोधडी. पण गुइरॉन बघा, १९६९चा. डोकं म्हणजे अख्खा सुरा. तो ग्याओस या दुसऱ्या राक्षसाचे काप करतो, काकडीचे करावेत तसे, शांतपणे, एकेक. मी दहा वर्षांचा असताना बघितलं असतं तर वेगळाच माणूस झालो असतो.

आणि १९९५, १९९६, १९९९ हे शुसुके कानेको यांचे तीन. गोजिरावाल्यांनी खाजगीत कबूल केलंय की त्या दशकात कासव पुढे होतं. चारचौघांत करत नाहीत.

दाइएचा 'दाइमाजिन'ही विसरू नका. दगडी देव रागावतो आणि चालायला लागतो. तीनही सिनेमे एकाच वर्षी, १९६६ला आले. ॲरोची पेटी २०२१ची.

---

मधली_ओळ

मी जपानी वाचते (पोटापाण्यासाठी), त्यामुळे जपानी साईटवरून घ्यायच्या गोष्टींबद्दल चार शब्द.

तुमच्या लेझरडिस्कच्या वर्णनात ओबी-त्सुकी असं लिहिलंय का बघा. ओबी म्हणजे कव्हरभोवती गुंडाळलेली कागदाची पट्टी, किमोनोच्या पट्ट्यावरून नाव पडलंय. दुकानात पहिल्यांदा उघडताना लोक ती फेकून देत, म्हणून जिच्यावर ती शाबूत आहे तिला भाव. चूको म्हणजे वापरलेलं. मिकाइफू म्हणजे न उघडलेलं. आणि जंक्कू दिसलं की थांबा. हा इंग्रजी जंकच आहे, पण तिथे त्याचा नेमका अर्थ "चालेल की नाही याची हमी नाही, परत घेणार नाही." लेझरडिस्कचे प्लेअर बहुतेक याच नावाखाली विकले जातात. पायोनियरने ते बनवणं २००९ला थांबवलं, म्हणजे बाजारात आहे तो प्रत्येक प्लेअर म्हातारा आहे.

दुसरं, वर्णन पूर्ण वाचा. जपानी विक्रेते दोष लपवत नाहीत, उलट बारकाईने लिहितात. मी एकदा फक्त किंमत वाचून 'राडॉन'चं १९५६चं पत्रक मागवलं. आल्यावर पाहिलं तर मागच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीत वर्गाचं वेळापत्रक लिहिलेलं. विक्रेत्याने तेही लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. आता तेच पान मला सगळ्यांत आवडतं. सोमवारी पहिला तास अंकगणिताचा.

तिसरं आणि महत्त्वाचं. तोहोच्या जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल्स धरून चालू नका, बहुतेक नसतातच. डिस्का जगातल्या ठरावीक विभागापुरत्या चालतात; ब्लू-रेला जपान आणि अमेरिका दोन्ही ए विभागात येतात, त्यामुळे डिस्क चालते. समजत नाही एवढंच. डीव्हीडीत मात्र जपान दोन नंबर आणि अमेरिका एक. ४के, म्हणजे सगळ्यांत बारीक चित्राच्या डिस्कला, विभागच नाहीत. लेझरडिस्कलाही नव्हते.

तोक्योला कधी गेलात तर नाकानो ब्रॉडवेमध्ये मांदाराकेच्या दुकानांना एक अख्खा दिवस द्या, आणि जुन्या पत्रकांसाठी जिम्बोचो. पैसे मात्र मोजून न्या. मी कार्ड नेलं होतं, ती चूक झाली.

जाता जाता, 'मॉथ्रा'तल्या जुळ्या बहिणींचं गाणं मी जपानी शिकल्यावर मोठ्या आशेने ऐकलं. एक शब्द कळेना. ते जपानी नाहीच! शब्द इंडोनेशियन भाषेतले आहेत. तेव्हा अभ्यास करून गाणं कळेल ही आशा ठेवू नका.

---

चार_के_चाचा

सगळ्यांचा आदर राखून. हे काय चाललंय? तोहोने किंग काँगवाला सिनेमा ४के केलाय, त्याची अल्ट्रा एचडी डिस्क जपानमध्ये २०२१ला आली. पहिल्या गोजिराची ४के डिस्क क्रायटेरियनने २०२४ला काढली. चांगलं चित्र उपलब्ध असताना तीस वर्षांपूर्वीची, बारा इंची, ॲनालॉग, मधेच उठून पालटावी लागणारी तबकडी कशाला? जागा नाही म्हणतायत त्या, आणि तुम्ही त्यांच्या माथी ताट मारताय. जे उत्तम आहे ते एक ठेवा, बाकी वाटून टाका. मी तेच केलं. कपाट रिकामं, मन शांत.

---

रीळ_क्रमांक_दोन

चाचा, तुमच्या मनःशांतीचा हेवा वाटतो. पण ऐका, याच सिनेमाचं ऐका.

तोहो १९६९च्या अखेरीपासून शाळांच्या सुट्टीत मुलांसाठी चॅम्पियन मात्सुरी (मात्सुरी म्हणजे जत्रा) भरवायची. दोन-चार कार्टून, टीव्हीवरचे भाग आणि एक राक्षसपट. जुने राक्षसपट परत लावायचे तर मुलांना माणसांचं बोलणं कंटाळवाणं, म्हणून ते छोटे केले. १९७०ला 'किंग काँग विरुद्ध गोजिरा' ९७ मिनिटांवरून ७४वर आणला. इतकंच असतं तर काही नव्हतं. पण कात्री प्रतीवर न चालवता मूळ निगेटिव्हवर चालवली. विचार करा, तेव्हाच्या तोहोच्या इतिहासातला सर्वांत जास्त माणसांनी बघितलेला गोजिरापट, कोटीच्या वर तिकिटं, आणि त्याच्या मुळालाच हात.

पुढे घरी बघायच्या आवृत्त्या निघायला लागल्या तेव्हा हा सिनेमा पुन्हा जोडायची वेळ आली. सुरुवातीच्या लेझरडिस्कवर गेलेले तुकडे १६ मिमीच्या विटलेल्या प्रतीवरून घेऊन बसवले. माझ्याकडे ती आहे. ताकोसाहेबांची बडबड चालू आहे, रंग छान आहेत, आणि एकदम चित्रावरचा रंग उडतो. चेहरे विटकरी होतात, दाणे मोठे होतात, कडा मऊ पडतात. मिनिटभर तसंच. मग पुढच्या कटला पुन्हा रंग येतो, दिवा लावल्यासारखा. पहिल्यांदा मला वाटलं माझी डिस्क खराब झाली. दुसऱ्यांदा बघताना कागद घेऊन बसलो आणि रंग कुठे उडतो, कुठे येतो ते लिहीत गेलो. ती यादी म्हणजे १९७०च्या त्या माणसाची कात्री कुठे कुठे पडली त्याचा नकाशाच निघाला. राक्षस आले की रंग शाबूत. माणसं बोलायला लागली की विटका. त्याने कुठेही चुकून राक्षसाला धक्का लावलेला नाही. पोरांची नाडी बरोबर ओळखली होती पठ्ठ्याने.

२०१६ला ४के काम झालं, सगळं ३५ मिमीवरून. सुंदर आहे, मी बघितलंय, हात जोडले. पण शिवण दिसत नाही. म्हणून माझ्याकडे दोन्ही आहेत. बघायला एक, आणि ते दुसरं.

आता ओलीताईंच्या ३,००० येनचं. आधी विचारा की डिस्क लावून बघितली आहे का. लेझरडिस्क सडते. दोन थर डिंकाने चिकटवलेले असतात, आत हवा शिरली की ॲल्युमिनियमचा आरसा काळवंडतो. वरून काही कळत नाही, पडद्यावर मात्र रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडतो. विक्रेता "लावून बघितली, ठिपके नाहीत" म्हणाला तरच पुढे. आणि आल्यावर उभी ठेवा, आडवी रचलीत तर वाकेल.

प्लेअर नसताना घ्यावी का? मी तीन वर्षं प्लेअरशिवाय डिस्का घेत होतो. सल्ला मागायला चुकीच्या माणसाकडे आलात.

एका गोष्टीत मात्र जपा. स्वस्तात "संपूर्ण संच" देणाऱ्यांपासून लांब राहा. मी एका विक्रेत्याकडून मोठ्या आनंदाने असा संच घेतला होता. कव्हर चकचकीत, पण डिस्क उलटी केली तर खाली जांभळट. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चंदेरी दिसते, घरी जाळलेली जांभळी. हे तेव्हा माहीत नव्हतं. मॉथ्राचं अंडं फुटतं तिथेच प्रत्येक वेळी अडकायची. अळी आजतागायत बाहेर आलेली नाही.

---

कासवाचा_भाचा

रीळकाका, एक बारीक शंका. इतकं सगळं आहे म्हणता, मग होंडांचा १९५५चा हिममानवाचा सिनेमा दाखवा बघू.

---

रीळ_क्रमांक_दोन

बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलंस. नाही. कोणाकडेच नाही, निदान अधिकृत तरी.

'जूजिन युकी ओतोको'. गोजिराच्या पुढच्याच वर्षी होंडा, त्सुबुराया, तीच बरीचशी मंडळी. त्यात डोंगरातल्या एका आडवस्तीचे लोक रानटी, व्यंग असलेले, आपसातच लग्नं करणारे असे दाखवलेत. जपानमध्ये ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाळीत टाकल्यासारखं वागवलं, त्यांच्याबद्दलच्या कुत्सित समजुतींशी हे फार जवळून जुळतं. म्हणून तोहोने हा सिनेमा घरी बघण्यासाठी काढलाच नाही. टेप नाही, लेझरडिस्क नाही, डीव्हीडी नाही. अमेरिकेत जॉन कॅरडाइनला घालून केलेली छोटी आवृत्ती मिळते, पण ती बघून मूळ सिनेमा बघितला म्हणणं म्हणजे पाकीट बघून पत्र वाचलं म्हणणं.

काढावा की काढू नये यावर माझं मत वर्षागणिक बदलतं. सध्या असं वाटतं की काढावा, सुरुवातीला नीट सांगून. पण ज्यांच्यावर तो शिंतोडा आहे त्यांच्या जागी मी नाही, तेव्हा माझ्या वाटण्याला कितीसं वजन.

माझ्या फळीवर १९५४ आणि १९५६च्या मधे 'गोजिराचा पुन्हा हल्ला' आहे आणि त्याच्या शेजारी बोटभर जागा मोकळी. बायको तिथली धूळ पुसते आणि दर वेळी विचारते, इथला सरडा कुठे गेला?

---

ओली_वाळू (प्रश्नकर्ती)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हिशोब देते.

आठवी डिस्क काढली. शनिवारी अमेरिकन, रविवारी जपानी, काकांनी सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या दिवशी. ताकोसाहेबांवर मी फिदा. ते जहाजावर पोचतात आणि त्यांना काहीच जमत नाही, तरी रुबाब जात नाही, अशी माणसं मी रोज बघते. आई पण बसली होती. तिला काँगचा केसाळ पोशाख अजिबात पटला नाही, "ह्याला कसर लागली आहे" म्हणाली, पण शेवटपर्यंत उठली नाही. शेवटच्या डरकाळ्यांसाठी आवाज वाढवून ठेवला होता. दोन्ही ऐकू आल्या. आईला विचारलं, कोण जिंकलं? ती म्हणाली, "दोघंही घरी गेले."

चाचा, तुमचं पटत होतं हो, काकांची दुसरी पोस्ट वाचेपर्यंत.

मधली_ओळताई, वर्णन तुम्ही सांगितल्यासारखं पूर्ण वाचलं, भाषांतराचं यंत्र लावून. ओबी आहे, पण डाव्या कोपऱ्यात एक सेंटिमीटर फाटलेली. डिस्क लावून तपासली आहे, ठिपके नाहीत, असं स्वतःहून लिहिलंय. आणि शेवटी एक ओळ होती ती यंत्राला नीट जमली नाही: "मध्ये मध्ये चित्राचा रंग फिका होतो, हा मूळ प्रतीचाच गुण आहे, डिस्कचा दोष नाही, कृपया समजून घ्या."

घेतली. प्लेअर नाही. काका, तुमची तीन वर्षं आजपासून माझी सुरू.

मामाच्या टेपचं मात्र अजून ठरत नाही. चित्र पेटीत आहे, मान्य. पण टेपच्या पाठीवर मामाने पेनाने "मोठी पाल" लिहून ठेवलंय, आणि खाली लाल शाईत, "पुसू नये".